मोजता येतंय तर वर्गमूळ कशाला? प्राण्यांच्या समूहातली जीनोटाइप आणि अलील वारंवारता काढताना

माझ्या एम.एस्सी.च्या व्हायवात बाहेरून आलेल्या सरांनी माझा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "यात बोके किती?" मी गप्प. इंदूरच्या गल्ल्यांतून तीन महिने हिंडून मांजरं मोजली होती, रंग लिहिले होते, फोटो काढले होते आणि लिंगाचा रकानाच आखला नव्हता. मांजराचा केशरी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. लिंग न लिहिता काढलेली त्याची वारंवारता कागदावर कितीही सुबक दिसो, ती चूकच. माझा आकडा खऱ्याच्या दीडपटीहून जास्त फुगला होता, आणि तो फुगला कसा हे मला त्या खोलीत सांगता आलं नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात कुणाची तरी भाची नाहीतर शेजारचा मुलगा फोन करतो: "दादा, अलील फ्रिक्वेन्सीचं प्रोजेक्ट मिळालंय, काय करू?" दर वेळी तेच सांगतो, म्हणून या वेळी लिहून काढतोय. इथे कॉलेजात शिकवणं हिंदी-इंग्रजीत आणि घरात मराठी, तेव्हा एक खुलासा. वर्गात ज्याला 'आवृत्ति' म्हणतात त्यालाच मी वारंवारता म्हणतोय. अलील (एकाच जनुकाचे वेगवेगळे प्रकार) आणि जीनोटाइप (प्राण्याकडे त्यातले कोणते प्रकार आहेत ती जोडी) हे शब्द तसेच ठेवलेत. 'युग्मविकल्पी' म्हटल्यावर कुणाचा चेहरा उजळलेला मी अजून पाहिलेला नाही.

## १. छेदात काय आहे ते आधी ठरवा

जीनोटाइप वारंवारता म्हणजे एकूण प्राण्यांपैकी किती प्राणी त्या जीनोटाइपचे. छेदात प्राणी असतात.

अलील वारंवारता म्हणजे त्या जनुकाच्या एकूण प्रतींपैकी किती प्रती त्या अलीलच्या. छेदात प्रती असतात. साध्या, म्हणजे लिंग न ठरवणाऱ्या, गुणसूत्रावरच्या जनुकाच्या प्रत्येक प्राण्यात दोन प्रती, म्हणून ५० गायींमागे १०० प्रती. एक्सवरच्या जनुकाच्या मादीत दोन आणि नरात एकच.

या विषयातल्या निम्म्या चुका छेद चुकल्यामुळे होतात. गणित सातवीच्या पलीकडचं नाही.

## २. जनुक कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

मांजर असो की गाय, तुमचं जनुक बहुधा या तीनपैकी एखाद्या खोक्यात पडतं.

पहिलं: तिन्ही जीनोटाइप (दोन अलील असतील तर जोड्या तीनच) वेगवेगळे ओळखता येतात, बघून किंवा प्रयोगशाळेत तपासून. इथे फक्त मोजायचं.

दुसरं: प्रभावी अलील असला की दुसरा झाकला जातो आणि फक्त अप्रभावी जोडीच बघून नक्की ओळखता येते. इथे नाइलाजाने वर्गमूळ काढावं लागतं.

तिसरं: जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. इथे नर आणि माद्या यांचे दोन वेगळे तक्ते.

पुस्तकांत हार्डी-वाइनबर्गचं सूत्र (एकाच अलीलच्या जोडीची वारंवारता म्हणजे त्या अलीलच्या वारंवारतेचा वर्ग; बाकी कलम ८ मध्ये) सुरुवातीलाच येतं, म्हणून मुलं सरसकट वर्गमूळ काढत सुटतात. माझं सगळं सांगणं एवढ्याभोवतीच आहे: मोजता येत असेल तिथे मोजा. वर्गमूळ काढलं की समूह संतुलनात आहे, म्हणजे जीनोटाइप त्या सूत्राच्या प्रमाणातच पडलेत, असं तुम्ही न तपासताच गृहीत धरलेलं असतं.

नवख्यांना मी गल्लीतल्या मांजरांचा केशरी रंगच सुचवतो. प्रयोगशाळा लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि वरचं पहिलं आणि तिसरं खोकं एकाच प्राण्यात शिकता येतं. मांजरीच्या एका एक्सवर केशरी अलील आणि दुसऱ्यावर साधा अलील असेल तर ती कबरी दिसते, काळ्यात केशरी ठिगळं. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निजलेला असतो, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. ज्या पेशीत केशरीवाला जागा ती केशरी केसांची, बाकीच्या काळ्या. म्हणजे मादीचा जीनोटाइप तिच्या पाठीवरच लिहिलेला. यामागे डीएनएतला नेमका कोणता बदल आहे ते मात्र आत्ता आत्ता कळलं. जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधून २०२५ मध्ये छापलं: एक्सवरचा सुमारे पाच हजार बेसचा एक तुकडा गळालेला असतो.

## ३. सामान आणि कागद

- जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. डिसेंबरातल्या पहाटेच्या दवात शाईचं काय होतं ते मी पाहिलंय.
- फोन. प्रत्येक मांजराचे किमान दोन फोटो: एक अंगाचा, एक शेपटीखालचा.
- वस्तीचा छापील नकाशा. कुठल्या गल्लीत कधी गेलो ते त्याच्यावर मांडायचं.
- कॉलेजचं ओळखपत्र आणि विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र. पत्रात 'केवळ निरीक्षण, प्राणी पकडले जाणार नाहीत' हे वाक्य असू द्या.
- गोशाळेत किंवा डेअरीत जाणार असाल तर तिथल्या समितीची लेखी परवानगी.
- रक्त घ्यायचं असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी, आणि घेणारा पशुवैद्यच. तुम्ही नाही, तुमचा हात कितीही हलका असला तरी.

समितीच्या मंजुरीला वेळ लागतो. अर्ज आधी, बाकी सगळं मागाहून.

## ४. मोजणी

आकडा बनतो किंवा बिघडतो तो इथेच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

दुसऱ्या शहरातली मुलं कचराकुंडीपाशी उभी राहून मांजरं मोजतात. इंदुरात ती सोय उरलेली नाही. स्वच्छतेच्या मोहिमेत रस्त्यावरच्या कुंड्या गेल्या, कचरागाडी दारात येते. मांजरं मग दूधवाल्याच्या ओट्यावर, मटणाच्या दुकानामागे आणि जुन्या वाड्यांच्या पत्र्यांवर सापडतात. वेळ पहाटेची, पोह्यांच्या गाड्या लागायच्या आत. दुपारी सगळी झोपलेली असतात आणि रात्री दिव्याच्या पिवळ्या उजेडात राखी मांजरसुद्धा केशरी वाटतं.

राजेंद्र नगरात एकदा मी कुणाच्या तरी स्कूटरखाली गाल फरशीला टेकवून पडलो होतो. पलीकडे एक कबरी बसली होती, तिनं शेपूट उचलायची वाट बघत होतो. वरून आवाज आला, "कोण हो तुम्ही? निगमातून आलात का?" मी उठून पत्र दाखवलं. काकूंनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाल्या, "बरं, मोजा. पण आमची मनी न्यायची नाही हां." तिला नेणार नाही असं तोंडी आश्वासन द्यावं लागलं, मग चहा मिळाला आणि मागच्या अंगणातल्या चार मांजरांची वंशावळही. ती वंशावळ कामाची ठरली. का, ते खाली येईलच.

लिंग अंगावरून ठरवा, रंगावरून नाही. 'केशरी म्हणजे बोका, कबरी म्हणजे मांजरी' असं सगळेच सांगतात, आणि त्यात तथ्यही आहे. पण त्याच ठोकताळ्यावर तुम्ही लिंगाचा रकाना भरलात तर उत्तर प्रश्नातच घातल्यासारखं होतं. कबरीचं तर आणखी बारकाईनं बघा. काळं मांजर लांबून दिसलं आणि लिंग कळलं नाही, तर ते तुम्ही वगळणार. कबरी लांबून दिसली तर 'ही मादीच' म्हणून घेणार. असं दहा वेळा झालं की कबऱ्यांचा आकडा आपोआप फुगतो. नियम सगळ्यांना एकच हवा: शेपटीखालचं दिसलं तरच तक्त्यात, नाहीतर 'लिंग अनोळखी' या रकान्यात. बोक्यात गुदद्वार आणि लिंग यांच्यामध्ये बोटभर अंतर आणि मध्ये गोट्या. मांजरीत दोन्ही जवळजवळ. माझी आजी मांजरीला भाटी म्हणायची आणि दहा फुटांवरून नुसत्या गालफडांवरून बोका ओळखायची. ती नजर आपल्याला नाही, फोटो काढा.

पांढरं शुभ्र मांजर सोडून द्या. पूर्ण पांढऱ्यात खालचा रंग झाकलेला असतो. तो केशरी की काळा, ते कळायला मार्ग नाही. पांढरे ठिपके असलेलं चालतं, ठिपक्यांबाहेरचा रंग बघा.

काळी दिसणारी प्रत्येक मांजरी काळी नसते. काही कबऱ्यांत केशरी अगदी चिमूटभर असतं, एखाद्या पंजावर किंवा हनुवटीखाली. तेवढ्यासाठी फोटो मोठा करून बघा. पट्टेवाल्या राखी मांजरीत तांबूस झाक आणि खरं केशरी ठिगळ यांत फसायला होतं. शंका असेल तर दुसऱ्याला फोटो दाखवा, पण तुमचं मत आधी सांगू नका.

एका घरची सहा पिल्लं म्हणजे सहा स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. ती एकाच आईचे अलील पुन्हा पुन्हा दाखवतात. फक्त मोठी मांजरं घ्या. काकूंच्या अंगणातल्या चारांपैकी तीन मनीचीच मुलं निघाली. मी आधी चारही लिहिली होती, मग मनी ठेवली आणि तीन खोडली.

तेच मांजर दोनदा. एकच गल्ली दोन दिवस केलीत तर दुसऱ्या दिवशीचे फोटो पहिल्या दिवसाशी ताडून बघा. शेपटीचं टोक, कानाची चीर, पायांतले मोजे, या खुणा पुरतात.

कबरा बोका दिसलाच तर घाबरू नका. बहुधा एक जास्तीचा एक्स घेऊन जन्मलेला असा बोका काही हजार कबऱ्यांत एखादाच निघतो. फोटो जपून ठेवा, टिपणात लिहा, हिशेबात धरू नका.

## ५. माद्यांचा हिशेब

पुढचे सगळे आकडे सरावासाठी मी बेतलेले आहेत. इंदूरच्या मांजरांचे म्हणून कुठे छापू नका.

केशरी अलीलला 'के' म्हणू आणि केशरी नसलेल्याला 'का', म्हणजे काळ्याचा. त्यात राखी पट्टेवालेही आले. यामुळे काळ्या मांजरीचा जीनोटाइप 'काका' होतो आणि वर्गात हशा पिकतो. पिकू द्या, लक्षात तरी राहतं.

समजा ८० मांजरी मिळाल्या:

केके (केशरी): ६
केका (कबरी): २८
काका (काळी, राखी): ४६

जीनोटाइप वारंवारता, छेदात प्राणी:

केके = ६ ÷ ८० = ०.०७५
केका = २८ ÷ ८० = ०.३५०
काका = ४६ ÷ ८० = ०.५७५

बेरीज १ आली पाहिजे. आली.

अलील वारंवारता, छेदात प्रती, म्हणजे ८० × २ = १६०:

के = (२ × ६) + २८ = ४०, म्हणून ४० ÷ १६० = ०.२५
का = २८ + (२ × ४६) = १२०, म्हणून १२० ÷ १६० = ०.७५

झालं. कुठेही वर्गमूळ नाही, कुठलंही गृहीतक नाही. दोन केशरी प्रतींच्या मांजरीला दोन गुण, एकाच प्रतीच्या मांजरीला एक, असं मोजलं.

आता कुणी म्हणेल, केके ०.०७५ आहे, वर्गमूळ काढलं की ०.२७४ येतं, फरक तो कितीसा? फरक आकड्यापेक्षा त्याच्या भरवशात आहे. मोजून काढलेल्या वारंवारतेची प्रमाण त्रुटी (नमुन्याच्या योगायोगानं आकडा किती हलू शकतो त्याचं माप) म्हणजे पी × क्यू, म्हणजे दोन अलीलच्या वारंवारतांचा गुणाकार, भागिले प्रतींची संख्या, याचं वर्गमूळ: ०.२५ × ०.७५ ÷ १६०, उत्तर ०.०३४. वर्गमूळाच्या वाटेनं गेलात तर त्रुटीचं सूत्र बदलतं: १ वजा ०.०७५, भागिले ४ × ८०, याचं वर्गमूळ. उत्तर ०.०५४. त्याच ८० मांजरी, तीच पायपीट, आणि त्रुटी दीडपटीहून जास्त. कारण सरळ आहे: ७४ मांजरींची माहिती तुम्ही फेकून दिलीत आणि सहा केशरींवर सगळा डोलारा उभा केलात.

## ६. बोक्यांचा हिशेब, आणि माझी चूक

बोक्यात एकच एक्स, म्हणून बोका हाच अलील. समजा ६० बोक्यांत १८ केशरी. के = १८ ÷ ६० = ०.३०. इथे जीनोटाइप वारंवारता आणि अलील वारंवारता एकच.

माद्यांत ०.२५, नरांत ०.३०. हा फरक खरा की योगायोगाचा? नरांची प्रमाण त्रुटी ०.०५९, माद्यांची ०.०३४. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की फरकाची त्रुटी ०.०६८ येते. फरक ०.०५, म्हणजे त्रुटीपेक्षाही लहान. सोडून द्या.

दोन्ही मिळून एक आकडा हवा असेल तर प्रती मिळवा, सरासरी काढू नका: (४० + १८) ÷ (१६० + ६०) = ५८ ÷ २२० = ०.२६४.

आता मी काय केलं होतं ते बघा. लिंगाचा रकाना नसल्यामुळे सगळी मांजरं एकत्र: १४० पैकी केशरी ६ + १८ = २४, म्हणजे ०.१७१. 'केशरी अप्रभावी' असं धरून वर्गमूळ, ०.४१४. खरं उत्तर ०.२६४. बोका केशरी व्हायला एकच प्रत पुरते, त्याचं वर्गमूळ काढायचं कारणच नव्हतं. आकडे इथे बेतलेले आहेत, पण चूक हुबेहूब हीच होती.

## ७. वर्गमूळाशिवाय गत्यंतर नसतं तेव्हा

मांजरांतच फिकट रंगाचं जनुक आहे. काळा फिका होऊन निळसर राखी दिसतो, केशरी फिका होऊन सायीसारखा. हे जनुक साध्या गुणसूत्रावर आहे, नर-मादी एकत्र घेता येतात, आणि फिकेपणा दोन प्रती असल्याशिवाय दिसत नाही. एक प्रत बाळगणारं मांजर दिसायला गडदच.

समजा १४० पैकी ७ फिकट. फिकट अलीलची वारंवारता क्यू, गडदची पी. क्यू² = ०.०५, क्यू = ०.२२४, पी = ०.७७६. एक प्रत बाळगणारे २ × पी × क्यू = ०.३४७, म्हणजे १४० पैकी सुमारे ४९. डोळ्यांना सात दिसतात आणि एकोणपन्नास झाकलेले असतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो हिशेब तीनदा केला होता.

पण हे एकोणपन्नास तुम्ही पाहिलेले नाहीत, सूत्रानं सांगितलेले आहेत. तेव्हा अहवालात 'अंदाजित' लिहा. आणि एक सापळा, ज्यात दर वर्षी कुणीतरी पडतं: या आकड्यांवर हार्डी-वाइनबर्ग संतुलनाची चाचणी लावू नका. क्यू तुम्ही संतुलन गृहीत धरूनच काढलात, मग त्याच क्यूवरून अपेक्षित आकडे काढलेत तर ते पाहिलेल्यांशी जुळणारच. काय-वर्ग (पाहिलेले आणि अपेक्षित आकडे किती दूर आहेत त्याचं माप, कलम ८) शून्य येतो आणि मुलं आनंदानं लिहितात, 'समूह संतुलनात आहे'.

काळ्या रंगाचं, म्हणजे पट्टे नसलेल्या मांजरांचं जनुक घेतलंत तर केशरी मांजरं त्या मोजणीतून बाहेर ठेवा. केशरीत पट्टे दिसतातच, जीनोटाइप काहीही असला तरी.

## ८. संतुलनाची तपासणी

हार्डी हे केंब्रिजचे गणितज्ञ आणि वाइनबर्ग हे स्टुटगार्टचे डॉक्टर. दोघांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे तेच सांगितलं: संगम यदृच्छेनं होत असेल, समूह मोठा असेल, बाहेरून कुणी येत-जात नसेल आणि निवड किंवा उत्परिवर्तन ढवळाढवळ करत नसेल, तर अलील वारंवारता पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते आणि जीनोटाइप पी², २पीक्यू, क्यू² या प्रमाणात पडतात. हार्डी यांना ही गोष्ट इतकी सोपी वाटली होती की छापायलाही त्यांना संकोच वाटत होता.

आपल्या ८० मांजरींवर लावू. एक्सवरचं जनुक असल्यानं तपासणी फक्त माद्यांवर होते.

अपेक्षित केके = ०.२५ × ०.२५ × ८० = ५
अपेक्षित केका = २ × ०.२५ × ०.७५ × ८० = ३०
अपेक्षित काका = ०.७५ × ०.७५ × ८० = ४५

पाहिलेले ६, २८, ४६. काय-वर्गासाठी प्रत्येक वेळी फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित:

१ ÷ ५ = ०.२००
४ ÷ ३० = ०.१३३
१ ÷ ४५ = ०.०२२

बेरीज, मधे न तोडता, ०.३५६. मुक्ततेची मात्रा (डिग्री ऑफ फ्रीडम) १. तीन गट आहेत म्हणून २ लिहू नका; अलील वारंवारता आपण याच आकड्यांतून काढली, तिची एक मात्रा खर्ची पडली. ५ टक्के पातळीला सीमा ३.८४. आपला आकडा खूप आत आहे, म्हणजे संतुलनाविरुद्ध पुरावा मिळाला नाही. 'संतुलन सिद्ध झालं' असं मात्र लिहू नका. ८० मांजरींत लहानसहान बिघाड दिसतही नाही.

काय-वर्ग लावताना टक्के किंवा दशांश घालू नका, प्रत्यक्ष संख्याच घाला. ०.०७५ आणि ०.०६२५ घालून हिशेब केलात तर उत्तर ८० पट लहान येतं आणि जगातला प्रत्येक समूह संतुलनात निघतो.

## ९. गोशाळेत गेलात तर

माळवी या देशी गायींवर काम करायचं असेल तर दुधातल्या बीटा-केसिनचं जनुक सोयीचं. या प्रथिनाच्या ६७ व्या जागेवर ए२ अलीलमध्ये प्रोलीन हे अमिनो आम्ल असतं आणि ए१ मध्ये हिस्टिडीन. डीएनएत फरक एका अक्षराचा, सीसीटीच्या जागी सीएटी. प्रयोगशाळेत तिन्ही जीनोटाइप वेगळे कळतात, म्हणजे आपलं पहिलं खोकं. हिशेब कलम ५ सारखाच. रक्त घेणं जमत नसेल तर शेपटीच्या गोंड्यातले मुळासकट उपटलेले केसही चालतात, त्यासाठी तुमच्या प्रयोगशाळेला आधी विचारा.

देशी गायींत ए१ विरळा, म्हणून तक्ता असा दिसू शकतो: ५० पैकी ए२ए२ ४४, ए१ए२ ६, ए१ए१ शून्य. ए१ = ६ ÷ १०० = ०.०६. अपेक्षित ए१ए१ = ०.०६ × ०.०६ × ५० = ०.१८. गायीचा पाव हिस्साही नाही. अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली की काय-वर्गावर भरवसा ठेवू नका, अचूक चाचणी लावा. सांख्यिकीच्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलींत ती असते.

गोशाळेचा खरा सापळा वेगळा आहे. तिथे माळवीबरोबर जर्सी आणि होल्स्टिनच्या संकरित गायीही असतात, आणि घाईत सगळ्या एकाच तक्त्यात जातात. समजा ५० माळवी, सगळ्या ए२ए२. आणि ५० संकरित: ए१ए१ १२, ए१ए२ २६, ए२ए२ १२. वेगवेगळं बघितलं तर संकरित कळप संतुलनात आहे, काय-वर्ग ०.०८. एकत्र केलं की ए१ = ५० ÷ २०० = ०.२५, मिश्र जीनोटाइपच्या अपेक्षित ३७.५ आणि पाहिलेल्या २६. काय-वर्ग ९.४०, सीमेच्या कितीतरी पलीकडे. मग अहवालात 'अंतःप्रजनन' असं वजनदार वाक्य येतं. प्रत्यक्षात कुणी काही केलेलं नसतं, तुम्ही दोन कळप एका टोपलीत ओतलेत एवढंच. स्टेन वालुंड यांनी हे १९२८ मध्ये दाखवलं, म्हणून याला वालुंड परिणाम म्हणतात. मिश्र जीनोटाइप कमी पडताहेत असं दिसलं की आधी तुमच्या वहीत बघा, वेगवेगळे समूह मिसळलेत का.

जाता जाता गवळ्याला हेही विचारा की वासरं कुठल्या वळूची. एकाच वळूच्या वीर्याच्या कांड्या सगळ्या गायींना भरल्या असतील तर वीस वासरं म्हणजे मनीची पिल्लंच.

## १०. लिहिताना

वारंवारता तीन दशांशांपर्यंत द्या, पण मधल्या पायऱ्यांत तोडू नका, शेवटीच तोडा. प्रत्येक वारंवारतेपुढे तिची प्रमाण त्रुटी आणि किती प्राणी मोजले ते लिहा. नमुना हवा असेल तर हा घ्या: 'मोठ्या ८० मांजरींत केशरी अलीलची वारंवारता ०.२५०, प्रमाण त्रुटी ०.०३४, ६० बोक्यांत ०.३००, प्रमाण त्रुटी ०.०५९. लिंग न ठरल्यामुळे आणि पूर्ण पांढरी असल्यामुळे वगळलेली मांजरं वेगळ्या तक्त्यात.'

तो वगळलेल्यांचा तक्ता जोडायला विसरू नका. आणि मूळ वही व्हायवाला बरोबर न्या, स्वच्छ उतरवलेली नव्हे, दवात भिजलेली आणि मनीची तीन पिल्लं खोडलेली तीच.